मिरज सोडायची तयारी आणि होरेनचा पेपर

जर्मनीत नर्स म्हणून जायचं असेल तर पगार, व्हिसा, थंडी हे सगळं नंतर येतं, आधी येते भाषा. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा पायऱ्या, आणि बी-टूच्या परीक्षेत चार भाग, लेसन म्हणजे वाचन, होरेन म्हणजे ऐकणं, श्राइबेन म्हणजे लिहिणं आणि श्प्रेशेन म्हणजे बोलणं. प्रत्येकात शंभरपैकी साठ तरी पाहिजेत. बरं एवढंच की चारही एकदम काढावे लागत नाहीत, जो राहिला तो परत देता येतो. माझा होरेन राहिला. बाकी तिन्ही निघाले आणि नुसतं ऐकायच्या पेपरात अडकले, आणि हे ज्या पोरीने लहानपणापासून मिरजेत दर्ग्याच्या गाण्याला रात्र रात्र मांडी घालून बसून काढलीय तिचं, म्हणून घरात त्यावर भरपूर हसून झालं.

मिरजेच्या मुलींना नर्सिंग काय नवीन नाही. गावात मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गल्लीगल्लीत डॉक्टरांच्या पाट्या, आणि दर दुसऱ्या घरात कोणीतरी स्टाफ नर्स, लॅबवाला नाहीतर मेडिकल दुकानवाला. आमच्या बॅचच्या बऱ्याच जणी आखातात गेल्या. मी बारा तासांच्या ड्युट्या करत राहिले, मग २०२३ च्या सुरवातीला एका मैत्रिणीमुळे हे जर्मनीचं डोक्यात शिरलं. पहिल्यांदा एक एजंट भेटला, त्याने अडीच लाख मागितले आणि वर ‘बी-टू काय तीन महिन्यांत होतं’ म्हणाला, तिथेच त्याचा नंबर डिलीट केला. नंतर कळलं की तिकडची बरीच हॉस्पिटलं नर्सकडून पैसे घेतच नाहीत, खर्च तेच करतात. कोणी या वाटेने जाणार असेल तर हे आधी नीट विचारून घ्या.

बी-वनपासून पुढे क्लाससाठी पुण्यात राहिले. कॉट बेसिसवर, चौघी एका खोलीत. महिन्यातून एकदोनदा रात्रीची महालक्ष्मी पकडायची, पहाटे मिरज जंक्शनला उतरायचं, रविवारी सकाळी कोयनेने परत. या येण्याजाण्यामुळे झालं असं की घर सोडणं हा एका दिवसाचा कार्यक्रम राहिलाच नाही. दर खेपेला थोडं थोडं सुटत गेलं. माझ्या कपाटात भावाने क्रिकेटचं सामान भरलं, माझ्या कपाला आई ‘पाहुण्यांचा’ म्हणायला लागली. आणि मला मात्र मिरज तेव्हाच जास्त दिसायला लागली. नोकरीत असताना दोन वर्षांत मी हरिपूरला सुद्धा गेले नव्हते, जे घरापासून गाडीवर कितीसं लांब आहे.

पुण्यात असताना डिसेंबरात सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला गेले, मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. भारतीय बैठकीचं तिकीट, म्हणजे खाली बसायचं, स्वतःची चटई, स्वतःची शाल. माझ्या खोलीतली विदर्भातली मुलगी बरोबर होती, तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं पण पिठलं-भाकरीचा स्टॉल आवडला. मोठा मंडप, मोठे स्क्रीन, आवाज एकदम स्वच्छ, सगळं वेळेवर. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण मी आपली शेजारच्या काकूंना सांगत बसले की सवाई गंधर्व ज्यांच्याकडे शिकले त्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आमच्या मिरजेत, दर्ग्याच्या आवारात आहे. काकू म्हणाल्या, ‘हो, माहितीय.’ पुण्यात कोणाला काही सांगायची सोयच नाही.

दर्ग्यातलं गाणं वेगळं असतं. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेबांच्या नावाने संगीत सभा असते. तिकीट नाही, पास नाही. आवारात चिंचेच्या झाडाखाली बसायचं. पुढे जाणकार लोक, ज्यांची मान समेवर बरोबर पडते, त्यांच्या मागे आमच्यासारखे, त्याच्या मागे उरुसाला आलेली माणसं जी दर्शन घेऊन पाच मिनिटं टेकतात आणि तासभर उठत नाहीत. पोरं झोपलेली असतात. बाहेरून पाळण्याचे भोंगे, खेळण्यांच्या पिपाण्या, मधेच माईक शिट्टी मारतो. आणि या सगळ्यात वर गाणारा माणूस षड्ज लावून बसलेला. मोठमोठे कलाकार इथे हजेरी लावायला येतात, कार्यक्रम करायला म्हणून नाही, हजेरी लावायला. मागे वाजणारे तंबोरे बहुतेक वेळा दर्ग्यापासून दोन गल्ल्यांवरच तयार झालेले.

त्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी २०२४ मधे, मी मुद्दाम रजा जोडून आले. होरेन नुकताच बुडाला होता, त्यामुळे डोकं फिरलेलंच होतं. पप्पा, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, स्वतः गात नाहीत, वाजवत नाहीत, पण ऐकण्यात पक्के. मी त्यांना सांगत होते की पेपरात रेकॉर्डिंग लागतं, काही भाग दोनदा ऐकवतात पण काही एकदाच, आणि एक शब्द अडला की मी त्याच्याच मागे लागते, तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात. पप्पा चहा पीत होते, त्यांनी वर पण बघितलं नाही. ‘मग तान सुटली तर काय करतीस? बुवांना थांब म्हणतीस का? गेलेलं जाऊ द्यायचं, पुढचं ऐकायचं.’ पुण्यातली आमची बाई नेमकं हेच सांगायची, फक्त ती जर्मनमधून सांगायची म्हणून ते कळत नव्हतं.

त्या रात्री मी खरंच तसं ऐकायचा प्रयत्न केला. एक वयस्क गायक होते, मालकंस सुरू होता, विलंबित. माझी सवय अशी की एखादी जागा आवडली की ती मनात परत परत घोळवत बसायची आणि तोवर पुढचं आवर्तन संपलेलं. मोबाइलवर ऐकून ऐकून ही सवय लागलीय, तिथे बोटाने मागे जाता येतं. इथे मागे जाता येत नाही. मधे त्यांचा आवाज एका जागी फाटला, वरच्या षड्जाच्या जरा अलीकडे. ते हसले, शिष्याकडे बघितलं, शिष्याने तो स्वर धरला आणि ते खालून परत आले. सगळं आवार ‘क्या बात’ म्हणालं. रेकॉर्डिंगमधे हे कापून टाकलं असतं, आणि माझ्या मते त्या रात्रीच्या गाण्यातलं सगळ्यात भारी तेच होतं. ज्यांना वाटतं की यूट्यूबवर सगळं आहे, घरबसल्या हेडफोन लावून जास्त चांगलं ऐकू येतं, त्यांचं जास्त चांगलं ऐकू येतं हे बरोबर आहे. पण तिथे आवाज फाटायची भीती नसते ना कोणाला, गाणाऱ्याला पण नाही आणि ऐकणाऱ्याला पण नाही.

पहाटे घरी चालत येताना मी पप्पांना म्हटलं, तिकडे गेल्यावर हे कुठून मिळणार. तर म्हणाले, ‘खाँसाहेब तरी कुठं मिरजेचे? उत्तरेतल्या किराणा गावचे. बडोद्यात राहिले, मुंबई-पुण्यात राहिले, मग हितं आले.’ आणि मग परत ती गोष्ट, जी मी शंभरदा ऐकलीय, की १९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडून पाँडिचेरीला रेल्वेने निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या छोट्याशा स्टेशनवर उतरले, फलाटावरच बसून प्रार्थना म्हणाले आणि तिथेच गेले. मग त्यांना मिरजेला आणलं. पप्पांचं म्हणणं एवढंच होतं की माणूस कुठला ते जन्माच्या दाखल्यावरून ठरत नाही. माझ्या डोक्यात मात्र भलतंच आलं, की त्या काळात एवढ्या लांबून मिरजेपर्यंत आणलं कसं असेल. नर्सच्या डोक्यात हेच येणार.

होरेन पुढच्या खेपेला निघाला. काठावर नाही, चांगला निघाला. त्यानंतर कागदपत्रं. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, ट्रान्स्क्रिप्ट, अनुभवाचे दाखले, सगळ्यांची जर्मनमधे भाषांतरं. जिथे मी काम केलं त्यातल्या एका ठिकाणी दाखल्यावर जन्मतारीख चुकीची पडली आणि ती दुरुस्त करायला मला जेवढे हेलपाटे घालायला लावले तेवढ्यात बी-टू परत झालं असतं. शेवटी तिकडच्या ऑफिसचं पत्र आलं की तुमचं शिक्षण ठीक आहे पण अमुक अमुक कमी पडतंय, ते इथे येऊन भरून काढा, म्हणजे काही महिने मदतनीस म्हणून काम करायचं, ट्रेनिंग किंवा परीक्षा, आणि मग पुरती नर्स. आठ वर्षं आयसीयूत काढून परत मदतनीस. याच्यावर मी एक रात्र रडले आणि सकाळी सही केली. व्हिसाबद्दल काय लिहू, सगळ्यांचा असतो तसाच, वाट बघायची.

मधल्या त्या काळात, हातात पत्र आहे आणि तारीख नाही अशा, मी खूप फिरले. दंडोब्याच्या डोंगरावर पावसाळ्यात गेलो, वर गुहेतलं देऊळ, वारा असा की ओढणी हातात धरून चालायचं, खाली सगळं हिरवं. आईला घेऊन हरिपूरला गेले, संगमेश्वराच्या घाटावर, जिथे वारणा कृष्णेला मिळते. श्रावणातलं पाणी गढूळ, दोन नद्यांचे दोन रंग काही अंतर वेगळे दिसतात. आई घाटावर बसून हळदीच्या पेवांबद्दल बोलत होती, जमिनीखालची ती कोठारं, २००५ च्या पुरात त्यांची कशी वाट लागली, तिच्या मामांची हळद कशी गेली. माझ्या जाण्याबद्दल एक शब्द नाही. मी पण नाही काढला.

आणि तंबोऱ्याचं. मी शाळेत असताना गांधर्वच्या गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, पुढे ड्युट्यांमुळे बंद पडलं. जाताना काहीतरी घेऊन जावं असं मनात होतं म्हणून सतारमेकर गल्लीत गेले. तेव्हा मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला नुकतंच जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं होतं, सगळ्यांच्या दुकानात पेपरची कात्रणं चिकटवलेली. आत भोपळे छताला टांगलेले. हे खायचे भोपळे नव्हेत, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून येतात, कडू असतात, वाळवून ठेवतात. दुकानातले चाचा तूनाच्या लाकडाच्या भुश्यात बसून एका घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. दोनदा घासायचं, तार छेडायची, कान जवळ न्यायचा, परत घासायचं. तार आणि घोडी यांच्यामधे सुताचा बारीक धागा सरकवला आणि एका ठराविक जागी आल्यावर ती तार जी आधी नुसती टण् वाजत होती ती एकदम उघडली, झंकारत लांब पसरली. जवारी लागली म्हणतात ती हीच. मग धागा केसभर पुढे गेला आणि ते गेलं. परत मागे. मी अर्धा तास तिथेच उभी. चाचांनी शेवटी विचारलं, ‘पट्टी कुठली तुमची, बेटा?’ काळी चार म्हटलं. ‘आणि विमान कुठलं?’

मोठा तंबोरा विमानातून न्यायचा म्हणजे वेगळी पेटी, वेगळे पैसे, आणि भोपळा फुटायची टांगती तलवार. त्यांनी चपटी लाकडी तानपुरी दाखवली, भोपळ्याशिवायची, लहान. आवाज त्याचा तेवढा भरीव नाही, ते त्यांनी स्वतःच सांगितलं, दुकानदार असून. तीच घेतली. ‘थंडीत हीटरजवळ ठेवू नका, लाकूड तडकेल,’ एवढी एकच सूचना. ती मी पाळते.

व्हिसा आला आणि तिकीट नोव्हेंबरअखेरचं निघालं. निघायच्या आधी त्रिपुरी पौर्णिमा होती, भाऊ म्हणाला चल खिद्रापूरला. कोपेश्वराच्या देवळात पुढे एक स्वर्गमंडप आहे, ४८ खांब आणि वर छताला मधोमध गोल मोकळी जागा, खाली त्याच मापाची गोल शिळा. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्या गोलावर येतो. गर्दी म्हणजे किती, सगळे मोबाइल वर करून. दिवे लावलेले, तेलाचा वास, पायाखाली दगड थंडगार. फोटो कोणाचेच नीट येत नव्हते आणि तरी सगळे काढत होते, मी सुद्धा. मग मागे कुठेतरी, खांबांच्या पलीकडे, आसपासच्या गावातली भजनी मंडळी असतील, त्यातल्या एकाने अभंग सुरू केला. पेटी नाही, माईक नाही, नुसते टाळ आणि आवाज. दगडात तो आवाज असा फिरत होता की माणूस कुठल्या बाजूला बसलाय ते कळेना. मोबाइल हळूहळू खाली आले असं मी म्हणणार नाही, काही आले, काही नाही आले. भावाने मधेच विचारलं, रेकॉर्ड करू का. मी नको म्हटलं, त्याने केलंच. तो व्हिडिओ अजून आहे, त्यात सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं ते कोणीतरी म्हणतंय की चप्पल कुठं ठेवली.

सामानाचं थोडक्यात सांगते. भडंग दोन किलो. हळद, मेतकूट, शेंगाची चटणी. आईने नरसोबाच्या वाडीवरून पेढे आणि कवठाची बर्फी आणली होती, पण दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला चालत नाहीत, ते कळल्यावर तिने मला काही न बोलता ते बॉक्स शेजारी वाटून टाकले, आणि मग मुंबईच्या बसमधे बसल्यावर पिशवीत बर्फीचे चार तुकडे निघालेच. पनवेलच्या आत संपवले.

आता मी श्टुटगार्टजवळ आहे. सुरवातीचे महिने पेशंटचं बोलणं कळेना, इथे श्वेबिश म्हणून बोली आहे, आपल्याकडे पुण्यात शिकलेल्याला कोल्हापुरातल्या म्हाताऱ्याने एकदम ‘काय करालाईस’ विचारावं तसं. बी-टूचं सर्टिफिकेट घेऊन मी बेडजवळ उभी आणि आजोबांना पाणी पाहिजे की खिडकी बंद पाहिजे ते समजत नाही. तिथे परत तेच, अडलेला शब्द सोडायचा, पुढचं ऐकायचं, हात कुठे दाखवतोय ते बघायचं. माझी परीक्षा या उन्हाळ्यात झाली, आता मी इथे पण पुरती नर्स आहे.

फिरणं इथे सोपं आहे, हे मान्य करायला पाहिजे. डॉइचलांडतिकिट म्हणून महिन्याचा पास मिळतो, मी आले तेव्हा ४९ युरो होता, २०२५ मधे ५८ होता, त्यात लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस गाड्या सोडून देशभर लोकल, बस, ट्राम सगळं चालतं. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन निघायचं. बाद उराखला धबधबा आहे, ३७ मीटरवरून पाणी पडतं, स्टेशनचंच नाव धबधब्यावरून आहे आणि तिथून झाडीतून चालत जायचं. आमच्या वॉर्डातली केरळची एक मुलगी बरोबर होती, ती म्हणाली आमच्याकडे याला कोणी थांबून बघणार पण नाही. मला मात्र आवडला. वाटेत लोक हळू आवाजात बोलतात, कचरा नाही, स्पीकर नाही, मक्याची कणसं पण नाहीत, आणि ती मात्र पाहिजे होती.

गाण्याचं म्हणाल तर श्टुटगार्टच्या श्टिफ्ट्सकिर्शं चर्चमधे शुक्रवारी संध्याकाळी संगीताचा कार्यक्रम असतो. लांब ड्युटीनंतर एकदा गेले. ऑर्गन आणि कोरस. एवढी शांतता की कागद उलटायचा आवाज येतो, खोकायचं असेल तर लोक दोन तुकड्यांच्या मधली जागा येईपर्यंत थांबतात. एके ठिकाणी खालचे आवाज थांबले आणि एकटी बाई वर राहिली, आणि माझ्या तोंडून ‘वाह’ गेलं. मोठ्याने नाही, पण गेलं. पुढच्या ओळीतल्या गृहस्थांनी मागे वळून बघितलं, रागाने नाही, काय झालं, बरं नाही का, अशा चेहऱ्याने. मला हे शांत ऐकणं अजून पुरतं जमत नाही. त्यांचं संगीत तसंच ऐकायला पाहिजे हे कळतं, एवढ्या आवाजांची वीण आहे की मधे कोणी बोललं तर तुटेल. पण गाणाऱ्याला लगेच तिथल्या तिथे कळू नये की मागच्या रांगेत कोणाला तरी ते पोचलं, हे मला कंजूषपणाचं वाटतं. शेवटी टाळ्या वाजवतात, भरपूर वाजवतात, पण तोवर ती जागा कधीच मागे राहिलेली असते.

तानपुरी खोलीत आहे. रात्री दहानंतर आवाज चालत नाही, रविवारी तर दिवसभर शांतता पाळायची, त्यामुळे लेट ड्युटीच्या दिवशी सकाळी नऊच्या पुढे लावते. थंडीत तारा उतरतात, सूत हलवायला मला अजून नीट येत नाही, चाचांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर सांगतो, थोडं खाली, खाली नाही हो ताई, वर. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं होतं तुमचं कुठलं मशीन आहे.

परवा वॉर्डात पुढच्या वर्षाच्या रजेचा तक्ता आला. इथे सगळी रजा आधीच लिहून द्यावी लागते. सगळ्यांनी नाताळ, ईस्टर, ऑगस्ट भरलं होतं. मी उरुसाची तारीख शोधत बसले, तो चंद्राच्या महिन्यांवर असतो, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, २०२४ ला फेब्रुवारीत होता, आता जानेवारीत येतोय. आमच्या हेड नर्सला हे समजावून सांगायला मला जेवढं जर्मन लागलं तेवढं परीक्षेत पण लागलं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, जानेवारीत माझ्या नावापुढे दोन आठवडे लिहिले आणि विचारलं की त्या दिवसांत तिकडे जायची तिकिटं स्वस्त असतात का.